शाळेचं पत्रक पालकांपर्यंत पोचवायचं, तर आधी "झालं" आणि "होणार" वेगळं करा

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातली पहिली ते चौथीची द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पट ५४, आणि मुख्याध्यापकपदाचा चार्ज तुमच्याकडे. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज फोटो आणि सूचना जातात. तरी सभेला पाच-सहा जण येतात, आरोग्य तपासणीच्या दिवशी मुलं शेतावर असतात, आणि विचारलं की "आम्हाला कळलंच नाही" असं उत्तर मिळतं. दसरा झाला की निम्मी कुटुंबं ऊसतोडीला जाणार. त्याआधी मासिक बातमीपत्र सुरू करावं का, आणि कसं?

जरूर सुरू करा. मात्र पालक वाचत नाहीत म्हणून हे होतंय, असं मला वाटत नाही. ग्रुपवरचे गेल्या महिन्याचे संदेश एकदा वर सरकवून पाहा. बहुतेक संदेश झालेल्या कार्यक्रमांचे असतील: जयंती, रांगोळी, वृक्षारोपण, पाहुण्यांचं स्वागत. हे फोटो मुळात वरच्या कार्यालयाला अहवाल द्यायला काढलेले असतात, तेच पालकांच्याही गळ्यात पडतात. त्यांच्या मध्ये कुठेतरी एक ओळ असते, "उद्या पालकसभा आहे, सर्वांनी उपस्थित राहावे." दिवसभर सोयाबीन काढून रात्री नऊला फोन हातात घेणाऱ्या माणसाला ती ओळ सापडत नाही. सापडली तरी तिच्यात वेळ नसते, विषय नसतो, आणि न गेल्याने काय अडेल तेही नसतं. म्हणून झालेल्या बातम्या आणि होणार असलेल्या गोष्टी वेगळ्या करायच्या आणि होणाऱ्यांना पहिली जागा द्यायची. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं राहतं.

काही गोष्टी गावावर अवलंबून आहेत, त्या आधी पाहून घ्या. एक गाव आणि एकच गावठाण असेल तर फळा आणि देवळाचा भोंगा पुष्कळ काम करतात. मुलं शेतवस्त्यांवरून, तांड्यावरून येत असतील तर कागद मुलाच्या हातातूनच जायला हवा. घरात फोन असतो, पण तो बहुधा वडिलांच्या खिशात असतो आणि मुलाचं सगळं आई नाहीतर आजी बघते. म्हणून हजेरीपटाच्या क्रमाने प्रत्येक मुलापुढे तीन खुणा करा: घरी फोन कोणाजवळ असतो, मराठी वाचणारं कोण आहे, आणि दसऱ्यानंतर मूल कोणाजवळ राहणार. दोन दिवसांच्या परिपाठात आणि मधल्या सुट्टीत मुलांना विचारून हे भरून होतं. ही यादी हातात नसताना काढलेलं बातमीपत्र ज्यांना आधीच सगळं कळतं त्याच घरांत पोचतं.

पत्रक म्हणजे ए-फोर आकाराचा एकच कागद, पाठपोट. जास्त पानं करू नका. ५४ मुलांमध्ये भावंडं धरून साधारण चाळीसेक कुटुंबं होतील, म्हणजे ५० प्रती काढल्या की फळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत आणि किराणा दुकान यांच्यासाठीही उरतात. अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको, कारण आजीला वाचायचं आहे आणि दुसरीच्या मुलालाही. रंगीत छपाईची गरज नाही. खर्च समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या शाळा अनुदानातून करता येतो. ३१ ते १०० पटाच्या शाळेला निकषाप्रमाणे वर्षाला २५,००० रुपये आहेत, पण रक्कम हप्त्यांनी आणि उशिरा येते हे तुम्ही जाणताच. म्हणून वर्षभराच्या झेरॉक्सचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत एकदाच घेऊन ठेवा. दर महिन्याला परवानगी आणि पैसे यांत अडकलेलं पत्रक तिसऱ्या महिन्यात बंद पडतं.

पहिल्या पानावर फक्त पुढच्या पाच आठवड्यांच्या तारखा. एका ओळीत वार, तारीख, वेळ, काय आहे, आणि पालकाने काय करायचं आहे. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक सूचनांमध्ये नसतो. उदाहरणार्थ, "आरोग्य तपासणी होणार आहे, विद्यार्थ्यांना पाठवावे" याऐवजी असं लिहा: "मंगळवार, १४ तारीख, सकाळी साडेदहा. दवाखान्याचं पथक शाळेत येणार. मुलाला नाश्ता देऊन पाठवा. डोळे, कान, दात, वजन बघतील. पूर्वी काही आजार असेल तर त्याचे कागद दप्तरात ठेवा. शक्य असेल तर आई किंवा आजीने सोबत यावं." राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदाच येतं. त्या दिवशी चुकलेलं मूल वर्षभर चुकतं, हेही एका वाक्यात लिहा. कारण कळलं की लोक शेतातलं काम अर्ध्या दिवसासाठी सोडतात, नुसती आज्ञा असेल तर सोडत नाहीत.

ज्या ओळीत पालकाला काहीच करायचं नाही ती पहिल्या पानावर घेऊच नका. केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद, तुमचं प्रशिक्षण, ऑनलाइन माहिती भरणं या गोष्टी तुमच्या रोजकीर्दीत राहू द्या. पण त्या दिवशी शाळेत एकच शिक्षक असणार असेल किंवा शाळा लवकर सुटणार असेल, तर ते मात्र लिहायलाच हवं. द्विशिक्षकी शाळेत लोकांच्या तक्रारी इथूनच सुरू होतात. बाई दिसत नाहीत एवढंच गावाला दिसतं, त्या कुठे गेल्या आहेत ते कोणी सांगितलेलं नसतं.

तारखा बदलतात ही तुमची अडचण खरी आहे. तालुक्यावरून आदेश आदल्या संध्याकाळी येतो, क्रीडास्पर्धा पुढे जातात, पथकाची गाडी मिळत नाही. यावर उपाय असा की तारखांचे दोन प्रकार करायचे. ज्या तुमच्या हातात आहेत त्या ठळक छापायच्या: सभा, गुणपत्रकं दाखवण्याचा दिवस, सुट्ट्या. ज्या दुसऱ्याच्या हातात आहेत त्यांच्यापुढे "साधारण" लिहायचं आणि "नक्की तारीख आदल्या दिवशी फळ्यावर" ही सूचना जोडायची. दोनदा छापून बदललेली तारीख लोक तिसऱ्यांदा मनावर घेत नाहीत. म्हणून सभेची तारीख काहीही झालं तरी बदलू नका. तुम्हाला तालुक्याला जावं लागलं तर दुसऱ्या शिक्षकांनी सभा घ्यावी, पण ती त्या दिवशी व्हावी.

दुसऱ्या पानावर बातम्या. इथे बहुतेक शाळा कार्यक्रमांचा वृत्तान्त देतात: अध्यक्ष कोण, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले. पालकाला हवं असतं ते वेगळं. माझं मूल काय शिकतंय आणि मला त्यात काय करता येईल? म्हणून इयत्तावार दोन-दोन ओळी द्या. "पहिली: काना, मात्रा, वेलांटी यांचे शब्द वाचायला सुरुवात. घरी तेलाच्या, साबणाच्या पाकिटावरची अक्षरं वाचायला सांगा." "तिसरी: हातच्याची वजाबाकी चालू आहे. दुकानात पाठवलंत तर उरलेले पैसे किती, ते आधी तिलाच सांगू द्या." असं लिहिलं की न शिकलेली आईसुद्धा पत्रकातलं काहीतरी त्याच संध्याकाळी करू शकते. बातमीचं खरं काम हेच आहे.

त्याच पानावर एक चौकट कायमची ठेवा: "मागच्या महिन्यात ठरलेलं, काय झालं." मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार बसलं का, पाण्याची टाकी धुतली का, पोषण आहाराच्या खिचडीबद्दल तक्रार होती तिचं काय केलं. झालं नसेल तर झालं नाही असंच छापा, कुठे अडलंय तेही लिहा. "ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडणार, पालकांनी यावं." माझ्या मते पत्रकावर विश्वास बसतो तो या चौकटीमुळे. नुसत्या आनंदाच्या बातम्या देणारा कागद लोक दोन महिन्यांत ओळखतात आणि बाजूला ठेवतात.

देणगीबद्दल: कोणी वह्या दिल्या, कोणी तिथीभोजन (वाढदिवसासारख्या निमित्ताने मुलांना जेवण) दिलं, तर नाव आणि वस्तू एका ओळीत लिहा, सगळ्यांसाठी सारख्याच आकारात. दहा रुपये आणि दहा हजार यांच्या अक्षरांत फरक केलात तर गरीब घरातला माणूस पुढच्या वेळी हात पुढे करणार नाही. मुलांच्या परीक्षेतल्या नंबरांच्या याद्या छापू नका. वाचनात मागे असलेल्या मुलाबद्दल पालकांशी समोरासमोर बोला, पत्रकात अजिबात नको. फोटो छापायचे किंवा समाजमाध्यमावर टाकायचे असतील तर वर्षाच्या सुरुवातीला पालकांची लेखी संमती घेऊन फाइलला लावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. शिवाय मुलाचा चेहरा, पूर्ण नाव आणि गाव एकत्र कुठेही जाऊ नये, एवढी खबरदारी कायद्याविनाही घ्यायला हवी.

भाषा. "उपरोक्त विषयास अनुसरून", "सदर बैठकीस", "कळविण्यात येते की" हे सगळं काढा. कच्चं पत्रक तयार झालं की तिसरीच्या एखाद्या मध्यम वाचणाऱ्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. ती जिथे अडेल तो शब्द बदला. याचं कारण सरळ आहे: निम्म्या घरांत हा कागद तीच वाचून दाखवणार आहे. पत्रक वाटण्याच्या दिवशी परिपाठात ते दोनदा वाचून घ्या, एकदा तुम्ही आणि एकदा चौथीतलं मूल. मुलांना आतलं कळलेलं असलं की कागद दप्तरात चुरगळला तरी निरोप घरी पोचतो. वाचनाचा सराव होतो तो वेगळाच, आणि अशा शाळेत तो लहान फायदा नाही.

कागदाच्या तळाशी कापून परत द्यायची पट्टी ठेवा: मुलाचं नाव, "वाचलं किंवा ऐकलं", "आमचा प्रश्न", सही किंवा अंगठा. तीन दिवसांत पट्ट्या परत आल्या पाहिजेत. पहिल्या महिन्यात निम्म्या आल्या तरी चांगली सुरुवात समजा. ज्या घरांतून सलग दोन महिने पट्टी आली नाही, ती घरं म्हणजे तुमच्या गृहभेटींची यादी. पट्टीवर आलेल्या प्रश्नांपैकी निदान एकाचं उत्तर पुढच्या पत्रकात प्रश्न विचारणाऱ्याचं नाव न देता छापा. नाहीतर ती रिकामी औपचारिकता होते आणि लोक नुसता अंगठा उठवून पाठवतात.

आता व्हॉट्सअॅप. तो बंद करू नका, पण त्याची वाटणी करा. एक ग्रुप फक्त सूचनांचा, त्यात संदेश फक्त अॅडमिन पाठवू शकतील अशी सेटिंग. आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त संदेश नकोत. फोटोंसाठी दुसरा ग्रुप, ज्याला हवा तो त्यात राहील. "शुभ सकाळ" थांबवण्यासाठी पालकांना समज देत बसण्यापेक्षा ही सेटिंग बरी, कुणाचा अपमान होत नाही. महिन्याचं पहिलं पान पीडीएफ न पाठवता फोटो म्हणून पाठवा. पीडीएफ उघडायचा कंटाळा केला जातो, फोटो आपोआप दिसतो. तो संदेश ३० दिवसांसाठी पिन करा. सोबत चाळीस-पन्नास सेकंदांचा आवाजी संदेश द्या, गावच्या बोलीत. तांड्यावरची मुलं असतील तर तिथल्या एखाद्या शिकलेल्या ताईकडून तोच निरोप गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलून घ्या. आणि ब्रॉडकास्ट यादीवर विसंबू नका. तुमचा नंबर ज्यांनी फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना तो संदेश जातच नाही, आणि तुम्हाला वाटत राहतं की सगळ्यांना कळवलं.

फोन नसलेल्या घरांसाठी मातापालक गट वापरा. शाळापूर्व तयारीच्या अभियानात २०२२ पासून वस्तीनिहाय मातांचे गट केलेले आहेत. पुष्कळ ठिकाणी ते मेळाव्यापुरतेच उरलेत, पण नावांची यादी शाळेत असते. प्रत्येक गटातल्या लीडर मातेला पत्रकाची प्रत वाटपाच्या आदल्या दिवशी द्या आणि दोनच गोष्टी सांगायला सांगा, या महिन्याची सभा आणि या महिन्याचं सर्वांत गरजेचं काम. दोनपेक्षा जास्त निरोप तोंडी जात नाहीत.

सभेबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तुम्हाला खरा त्रास तिथे होतोय. सकाळी अकराच्या सभेला शेतकरी-मजूर पालकांना दिवसाची मजुरी बुडवून यावं लागतं. तुमच्या भागात आठवडी बाजाराच्या दिवशी लोक कामाला जात नाहीत. बाजार तुमच्याच गावात भरत असेल तर त्या दिवशी सकाळी साडेआठ ते सव्वानऊ ही वेळ चांगली. नाहीतर संध्याकाळी सातनंतर देवळात किंवा समाजमंदिरात घ्या. बायका संध्याकाळी येऊ शकत नाहीत असं गावात असेल तर मातांची सभा दुपारी वेगळी. पाऊण तासाच्या वर सभा नको. पहिली वीस मिनिटं प्रत्येक पालकाने आपल्या मुलाजवळ बसायचं आणि मूल वाचून दाखवील, गणित करून दाखवील. भाषणं ऐकायला लोक येत नाहीत, आपलं मूल वाचताना ऐकायला येतात. मग तीन विषय, त्यांतला एक तरी असा की पालकांनी ठरवल्याशिवाय ठरणार नाही: सहलीचं ठिकाण, स्नेहसंमेलनाची तारीख, पोषण आहारात आठवड्यातून एकदा कोणती भाजी. ठरलेलं आधीच ठरवून ठेवून "मंजूर आहे का" विचारलं, तर पुढच्या सभेला कोण येणार?

शाळा व्यवस्थापन समितीकडेही याच नजरेने पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत किमान ७५ टक्के आई-वडील किंवा पालक असतात आणि निम्म्या महिला. कायद्यात आई-वडिलांबरोबर पालक हा शब्द आहे, त्यामुळे नातवाला सांभाळणारी आजी सदस्य होऊ शकते. तुमच्यासारख्या गावात हे फार उपयोगी आहे, कारण अध्यक्ष आणि सदस्य कोयता घेऊन निघून गेले की नोव्हेंबर ते मार्च समितीची बैठकच भरत नाही आणि इतिवृत्तावर सह्या नंतर गोळा केल्या जातात.

याला जोडून एक गोष्ट बहुतेक शाळांच्या लक्षात येत नाही. शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार व्हावा असं नियम सांगतो. तुमच्याकडे डिसेंबरात निम्मे पालक कारखान्याच्या फडावर असतात. म्हणून आराखड्यासाठी सूचना आत्ताच्या पत्रकात मागवा. तळाच्या पट्टीवर एकच प्रश्न छापा: "पुढच्या वर्षी शाळेत आधी काय व्हावं?" आणि चार पर्याय द्या, जसे पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, कुंपण, वाचनाची पुस्तकं. खूण करायला सोपं जातं आणि डिसेंबरच्या बैठकीत गैरहजर पालकांचंही मत कागदावर असतं.

आता येत्या दोन पत्रकांत काय असावं ते सांगतो. पहिलं दसऱ्याच्या निदान पंधरा दिवस आधी निघायला हवं. त्यात पहिली ओळ हंगामी वसतिगृहाची, म्हणजे आई-वडील ऊसतोडीला गेले तरी मूल गावात राहावं म्हणून त्याच्या जेवणाची सोय करणाऱ्या योजनेची. मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहणार असेल तर नाव कधीपर्यंत द्यायचं, कोणते कागद, जेवण कुठे आणि किती वाजता. यादीत उशीर झाला की मंजुरीत उशीर, आणि तोपर्यंत मूल आई-बापांबरोबर निघून गेलेलं असतं. दुसरी ओळ सोबत जाणाऱ्या मुलांची: शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाचं शिक्षण दुसऱ्या गावी चालू राहावं म्हणून मिळणारं कार्ड) शाळेतून घ्या, जिथे उतराल तिथल्या शाळेत ते दाखवा. दाखला नाही म्हणून कोणतीही सरकारी शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये हे स्पष्ट आहे, आणि हे वाक्य मोठ्या अक्षरात छापा. ऊसतोड टोळीच्या मुकादमाचं नाव, कारखाना आणि चालू असलेला फोन नंबर ही माहिती मात्र पत्रकात न मागता प्रत्येकाकडून स्वतंत्र घ्या आणि फाइलमध्ये ठेवा. तिसरी ओळ प्रथम सत्राच्या मूल्यमापनाची. सोबत जाणाऱ्या मुलांचं मूल्यमापन त्यांच्या निघण्याआधी उरकता येईल का, हे केंद्रप्रमुखांशी आजच बोला.

दुसरं पत्रक दिवाळीच्या सुट्टीनंतरचं. ते आजी-आजोबांसाठी लिहायचं आहे हे ध्यानात ठेवा: अक्षर अजून मोठं, ओळी कमी. त्याचा फोटो आणि आवाजी संदेश फडावरच्या पालकांना पाठवा. त्यांना शाळेची बातमी म्हणजे आपल्या लेकराची खुशाली असते, म्हणून त्यात मुलांच्या हस्ताक्षरातली दोन-दोन वाक्यं घ्या. आणि स्नेहसंमेलन जानेवारीत ठेवण्याचा आग्रह सोडा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २६ ला प्रजासत्ताक दिन, हे कार्यक्रम आहेत तिथेच होतील. पण ज्यात आई-बापांनी मुलाला रंगमंचावर पाहायचं तो कार्यक्रम गाळप संपून लोक परतल्यावर ठेवा. तोच दिवस पहिलीच्या शाळापूर्व तयारी मेळाव्याला लागून घेतला तर नवीन पालकही एकाच फेरीत भेटतील.

कामाचं वेळापत्रक सोपं ठेवा. महिन्याच्या २० तारखेपर्यंत तारखा जमवायच्या, २२ ला तुम्ही दोघांनी मिळून एक तास बसून मजकूर लिहायचा, २३ ला मुलीकडून वाचून घ्यायचं, २४ ला झेरॉक्स, २५ ला परिपाठात वाचन आणि वाटप. २५ ला रविवार किंवा सुट्टी आली तर आदल्या शाळेच्या दिवशी, नंतर नाही. संगणकावर टाइप करायला वेळ नसेल तर सुवाच्य अक्षरात हाताने लिहून झेरॉक्स काढा. लोकांना ते अधिक आवडतं, आणि चौथीतली चांगल्या अक्षराची मुलं बातम्यांचं पान स्वतः लिहू शकतात. पहिल्या महिन्यात दुसरं पान जमलं नाही तर कोरं राहू द्या, पण तारखांचं पहिलं पान २५ ला गेलंच पाहिजे. काही अडलं तर पहिल्या पत्रकाचा मजकूर इथे टाका, ओळीओळीने पाहून सांगतो.